डॉल्बीवाल्याच्या कानानं रेगे

आधीच सांगून टाकतो. खाली जे व्हिडिओ बघा म्हणतोय, त्यातला एकही मोबाईलच्या स्पीकरवर बघू नका. बघितलात आणि ‘यात काय एवढं?’ असं वाटलं, तर तो दोष मोबाईलचा. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की ४१ हर्ट्झचा स्वर निघतो. हवेत त्याची लाट आठ मीटरहून लांब असते. नखाएवढ्या स्पीकरमधून ती बाहेर पडणार कशी? आणि रेगे म्हणजे जमैका बेटावरचं गाणं-वाजवणं, बेसशिवाय ते म्हणजे चटणी न घातलेला तांबडा रस्सा.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुकान आहे. जळालेली कॉइल बदलायची, फाटलेला कोन, म्हणजे स्पीकरचा पडदा, बदलायचा, ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर पुन्हा भरायचा, असली कामं. त्याआधी बारा वर्षं मी डॉल्बीवर काढली. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली बॉक्सची भिंत. डॉल्बी नावाच्या परदेशी कंपनीचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. डालडा म्हणजे कुठलंही वनस्पती तूप, तसं हे. मिरजकर तिकटीपासून महाद्वार रोडपर्यंत मंडळाच्या मागं किती रात्री चाललोय, हिशेब नाही. एका वर्षी दोन मंडळांच्या भिंती समोरासमोर आल्या आणि मी मधे सापडलो. कुणीच मागं हटेना. अर्धा तास. तेव्हापासून माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टी वाजते, रात्री उशीवर डोकं टेकलं की जास्त. त्यानंतर दोन वर्षांत मी मिरवणूक सोडली आणि दुकानात बसलो.

तर गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एक पोरगा आला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. हातात चार कागद, त्यावर बॉक्सचं ड्रॉइंग.

“काका, असला बॉक्स करून मिळंल काय?”

बघितलं. अठराचा एकच स्पीकर. त्याचा पुढचा आवाज सरळ समोर येणार आणि मागचा आवाज आत एका मोठ्या गोलाईवरून फिरून खालच्या तोंडातून बाहेर पडणार. याला ते लोक स्कूप म्हणतात. अशी गोलाई मी कधी केली नव्हती. आमचे सगळे बॉक्स काटकोनात.

“काय वाजवणार यावर?”

“रेगे. डब.”

“म्हणजे रिक्षाच्या मागं ज्याचा फोटो असतो त्यो?”

पोरगा हसला. स्पीकर त्याचा, प्लाय आणि मजुरी माझी, साडेबारा हजार ठरले. नऊ हजार त्यानं तिथंच दिले. गोलाईसाठी सहा एमएमच्या प्लायचे दोन थर ओले करून वाकवले, मधे फेविकॉल, वर आठ शिकंजे, दोन दिवस वाळत ठेवलं. पहिल्यांदा तडकलं. दुसऱ्यांदा बसलं. मग सुट्टीच्या दिवशी शटर निम्मं खाली ओढून आम्ही तो बॉक्स लावला, आणि पोरानं पहिला व्हिडिओ सुरू केला.

तो होता रिक्षावरच्या फोटोतल्या त्या गायकाचा, बॉब मार्लेचा, लंडनच्या रेनबो थिएटरमधला, जून १९७७ चा. सुरुवात इथूनच करा. हा कार्यक्रम अख्खा चित्रित झालाय आणि आवाजही नीट धरलाय. माझं लक्ष मात्र मार्लेकडं गेलंच नाही. मागं एक दाढीवाला माणूस बेस घेऊन जवळपास न हलता उभा होता. ॲस्टन बॅरेट, त्याला फॅमिली मॅन म्हणायचे. ड्रमवर त्याचा सख्खा भाऊ कार्लटन. या दोन भावांनी काय केलंय ते ऐका. आपल्याला सवय कशाची? पहिल्या मात्रेवर दणका. केरव्याचा ‘धा’ समेवर पडणार म्हणजे पडणारच. हे गडी पहिली मात्रा मोकळी सोडतात. चारातल्या तिसऱ्या मात्रेवर बास ड्रम आणि स्नेअर एकदम पडतात. त्याला वन ड्रॉप म्हणतात. गिटार मात्रांच्या मधल्या जागेत ‘चक, चक’ करत राहते, आणि बेस मनात येईल तिथं सुरू होतो, मनात येईल तिथं गप्प होतो. पहिली पाच मिनिटं मला जिना उतरताना एक पायरी नाही असं वाटत होतं. पुढं पाय आपोआप ती पायरी सोडून उतरायला लागला.

या कार्यक्रमात ‘वॉर’ हे गाणं आहे. त्याचे शब्द इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी यानं १९६३ साली संयुक्त राष्ट्रांत केलेल्या भाषणातले. भाषणाला चाल लावायची म्हणजे आपल्याकडं पोवाड्याचं काम, पण इथं चढा सूर नाही, वीररस नाही. बेस तेवढा खाली बसून चालत राहतो आणि त्याच्यावर माणूस स्वच्छ सांगतो की कातडीच्या रंगावरून माणसाची किंमत ठरतेय तोवर लढाई संपायची नाही. शाहू महाराजांच्या गावातल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. महिनाभरापूर्वीच फुटबॉल खेळताना मार्लेच्या पायाच्या अंगठ्याला लागलं होतं. तरी नाचतोय बघा. त्याच अंगठ्यात पुढं कर्करोग निघाला आणि १९८१ च्या मे महिन्यात, ३६ व्या वर्षी, तो गेला. हे माहीत झाल्यावर मी तो व्हिडिओ परत लावला आणि सगळा वेळ त्याच्या पायाकडंच बघत बसलो. तसं बघू नका. गाणं राहून जातं.

रेनबो आवडला तर मागं जा, १९७३ साली. बीबीसीच्या ‘ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ कार्यक्रमात मार्लेचा बँड वेलर्स आला होता. स्टुडिओत प्रेक्षक नाहीत, टाळ्या नाहीत, मागं धड पडदा नाही. मार्लेच्या जटा अजून आखूड आहेत, आणि पीटर टॉश अन् बनी वेलर दोघंही सोबत आहेत. त्यानंतर थोड्याच काळात हे तिघं वेगळे झाले. ‘स्टर इट अप’ मधे टॉशची गिटार पायाखालच्या वा-वा पेडलमधून येते, लहान पोर हट्ट करतंय तसा आवाज. रेनबोमधे मार्ले पुढारी वाटतो. इथं तीन दोस्त वाटतात. मला हा व्हिडिओ जास्त आवडतो. पोराला नाही पटलं. त्याचं म्हणणं, रेनबोपुढं काही नाही. चालायचंच.

तिसरा म्हणजे जमैकाच्या राजधानीतल्या, किंगस्टनच्या नॅशनल स्टेडियममधला २२ एप्रिल १९७८ चा ‘वन लव्ह पीस कॉन्सर्ट’. चित्र खराब, आवाज त्याहून खराब, बेसची तर बोंबच. तरी बघा. त्या काळी जमैकात दोन पक्षांच्या गल्ल्या वाटून घेतलेल्या होत्या आणि रोज गोळ्या चालायच्या. १९७६ च्या डिसेंबरात मार्लेच्या घरात घुसून त्याच्यावरही गोळ्या झाडल्या होत्या. दोनच दिवसांनी तो बँडेज बांधून गायला आणि मग देश सोडून गेला. परत आला तो या कार्यक्रमासाठी. ‘जॅमिंग’ चालू असताना तो पंतप्रधान मायकेल मॅनली आणि विरोधी नेता एडवर्ड सिआगा या दोघांना स्टेजवर बोलावतो आणि दोघांचे हात धरून आपल्या डोक्यावर उचलतो. त्या दोघांची तोंडं बघण्यासारखी आहेत. लग्नात भांडलेल्या दोन व्याह्यांना फोटोसाठी शेजारी उभं करावं तशी. आपल्या जिल्ह्यात कुठल्या दोन नेत्यांचे हात असे धरायचे, याचा मी बराच विचार केला. नावं लिहीत नाही, मला दुकान चालवायचंय. पुढं १९८० च्या निवडणुकीत जमैकात शेकडो माणसं मेली, म्हणजे त्या हात उचलण्यानं दंगे थांबले असं काही नाही. पण गाणं मोडू न देता त्यानं ते केलं.

आता डब. माझ्यासारख्या माणसाला इथं खरं घर सापडलं.

किंगस्टनच्या वॉटरहाउस भागात ऑसबोर्न रडॉक नावाचा एक माणूस होता. लोक त्याला किंग टबी म्हणायचे. धंदा काय? रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्ती, ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग. म्हणजे माझाच! हे वाचलं तेव्हा हातातली सोल्डरिंग गन मी खाली ठेवली. जमैकात वीज ११० व्होल्टची, आपली २३०, पण दोन्हीकडं हर्ट्झ मात्र पन्नासच. अर्थिंग चुकलं की जो ‘हम्म’ मला दिवसभर छळतो, तोच, त्याच सुराचा, टबीलाही छळत असणार.

या टबीची स्वतःची साउंड सिस्टिम होती, होमटाउन हाय-फाय. जमैकात ही पद्धत १९५० च्या आधीपासूनची. सुताराकडून कपाटाएवढे बॉक्स करून घ्यायचे, ते गल्लीत नाहीतर अंगणात रचायचे, रेकॉर्ड लावायच्या, तिकीट लावायचं, बिअर विकायची. दोन साउंडवाल्यांची समोरासमोर जुंपायची, तीही आमच्यासारखीच. फरक एवढाच की तिकडं कुणाकडं नवी रेकॉर्ड आहे यावर निकाल लागायचा, इकडं कुणाची काच आधी फुटते यावर. १९६७-६८ च्या सुमारास एका साउंडवाल्यासाठी रेकॉर्ड कापताना गाण्याचा आवाज घालायचा चुकून राहिला. नुसतं संगीत वाजलं. लोकांनी ओरडा करायच्या ऐवजी स्वतःच गाणं म्हणायला सुरुवात केली. पुढं प्रत्येक रेकॉर्डच्या मागच्या बाजूला बिनगाण्याची आवृत्ती यायला लागली. टबीनं ती आवृत्ती हातात घेतली आणि तिची मोडतोड करून नवीन वस्तू केली, तोच डब. चारच ट्रॅक. ड्रम-बेस ठेव, गिटार काढ. गाणाऱ्याचा एकच शब्द आत सोड आणि लगेच दार लाव. तो शब्द इकोमधे घुमत घुमत लांब जाऊ दे. मिक्सरवर एक मोठं बटण होतं, ते फिरवलं की आवाजातला सगळा जाडपणा उतरत जायचा, वाऱ्यावर पत्रा वाजल्यासारखा पातळ व्हायचा, आणि मग एका झटक्यात बेस परत. पोटात धक्का बसतो तो त्या परत येण्याचा. आवाज वाढलेलाच नसतो. मी बारा वर्षं आवाज वाढवत होतो.

टबीला ६ फेब्रुवारी १९८९ ला त्याच्या घराबाहेर गोळी घातली. तो स्वतः काम करतोय असं जवळून घेतलेलं चित्रण मी पुष्कळ धुंडाळलं. हाताला लागलं ते त्याच्या हाताखाली शिकलेल्या सायंटिस्टचं. हा माणूस आणि लंडनचा मॅड प्रोफेसर, हे दोघं लोकांसमोर मिक्सर मांडून डब करतात. त्यांचे असे बरेच व्हिडिओ आहेत. त्यातला निवडताना एकच बघा, कॅमेरा हातांवर आहे का. गर्दीवर आणि दिव्यांवर फिरणारा कॅमेरा असेल तर सोडून द्या. हातांवर असेल तर बसा. म्यूटचं बटण दाबून सोडणारं बोट किती हलकं असतं बघा, हार्मोनियमवर खटका घेतल्यासारखं.

इकोचं थोडं सांगतो, कारण तो कळल्याशिवाय डब कळत नाही. १९७४ साली रोलंड कंपनीचं स्पेस इको नावाचं यंत्र आलं. आत कॅसेटसारख्या टेपचा एक वेटोळा सतत फिरत असतो. एक हेड आवाज टेपवर लिहितं. पुढं ओळीनं तीन हेड तोच आवाज वाचतात, एकामागून एक, म्हणून एका हाकेची तीन उत्तरं येतात. वाचलेला आवाज परत लिहिणाऱ्या हेडकडं पाठवला की उत्तरांची उत्तरं येत राहतात. हे प्रमाणाबाहेर गेलं तर यंत्र स्वतःशीच बडबडायला लागतं आणि तो आवाज चढत चढत अंगावर येतो. आम्ही त्याला बिघाड म्हटलं असतं. गिऱ्हाइकानं परत आणून दिलं असतं. त्यांनी तेच वाजवलं.

हा प्रकार डोळ्यांनी बघायचा तर १९७७ चा ‘रूट्स रॉक रेगे’ हा माहितीपट काढा, जेरेमी मारचा. त्यात ली पेरीचा ब्लॅक आर्क स्टुडिओ आहे. घराच्या मागच्या अंगणात बांधलेली खोली, माझ्या दुकानापेक्षा फार मोठी नसेल. भिंतीवर इंच रिकामा नाही. आत गाणारे दाटीवाटीनं उभे आणि पेरी मिक्सरपुढं नाचतोय. नाचता नाचता बटणं फिरवतोय, आणि एकही बटण चुकत नाही. चार ट्रॅकच्या टेपवर आधीचं सगळं एका ट्रॅकवर उतरवायचं, जागा मोकळी करायची, परत भरायचं, असं तो करायचा. प्रत्येक वेळी थोडी खरखर वाढते. त्या खरखरीचंच त्याच्या गाण्यांना धुकं लागलंय. २०२१ साली, ८५ व्या वर्षी तो गेला. तो स्टुडिओ मात्र या चित्रणानंतर काही वर्षांतच जळाला होता. त्यानं स्वतःच पेटवला असं तो सांगायचा. स्टुडिओचा हा भाग छोटाच आहे, पण माझ्या मते कुठल्याही स्टेजवरच्या कार्यक्रमाला हे भारी आहे.

एकदा दुकानात असाच डब लावला होता आणि आमच्या ओळखीचे एक हलगीवाले मामा मायक्रोफोन दुरुस्तीला घेऊन आले. सत्तरीचे. खासबागेत कुस्त्यांना त्यांनी हलगी वाजवलीय, सोबत झांजेसारखं कैताळ आणि जाड आवाजाचं घुमकं. बाकड्यावर बसले, काही बोलले नाहीत. पाच मिनिटांनी म्हणाले, “ह्यांचा कैताळवाला उलट्या जाग्यावर वाजवतोय.”

“कैताळ न्हाय मामा, गिटार हाय ती.”

“आसंना का. काम कैताळाचंच करतीय. आन् घुमकंवाला जागा सोडून बसलाय निवांत.” मग बोटानं बाकड्यावर वाजवायला लागले, हलगीची बारीक बोली, त्या बेसच्या वर. बसली की हो! माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला रेगे कार्यक्रम तोच, आणि त्याचा व्हिडिओ नाही.

सिनेमांपैकी दोन. ‘रॉकर्स’, १९७८ चा. गोष्ट साधी आहे. हॉर्समाउथ नावाचा ड्रमवाला रेकॉर्ड विकत फिरायला मोटारसायकल घेतो, ती चोरीला जाते. हॉर्समाउथचं काम खऱ्या हॉर्समाउथनंच केलंय, बाकीही बरेच जण खरे गाणारे-वाजवणारे. त्यात रात्रीचा एक प्रसंग आहे. समुद्राकाठी अंधारात बर्निंग स्पिअर बसलाय आणि वाद्याविना गातोय. नुसता गळा आणि लाटा. मी ज्या दिवशी हा बघितला त्या दिवशी संध्याकाळी स्कूपवर तेवढा तुकडा तीनदा लावला. लाटांचा आवाज त्या गोलाईतून असा आला की शेजारचा लेथवाला पाणी आलं का बघायला बाहेर आला. (नळाला.)

दुसरा ‘बॅबिलॉन’, १९८०, फ्रँको रोसोचा. लंडनमधली जमैकन पोरं, त्यांची साउंड सिस्टिम, मोठ्या सामन्याची तयारी. शेजाऱ्यांची तक्रार, पोलिसांचा मार, रंगावरून शिव्या. ज्या गॅरेजात ते सामान ठेवतात ते कुणीतरी फोडतं. आत बॉक्स चिरलेले, कोन फाडलेले, भिंतीवर घाण लिहिलेलं. खून-मारामाऱ्या मी पडद्यावर पुष्कळ बघितल्यात, जेवता जेवता बघितल्यात. तो फाडलेला कोन बघून मला पाणी प्यावं लागलं. कोन असा फाटत नाही. वापरून फाटतो तेव्हा कडेनं फाटतो. मधून फाटलेला कोन म्हणजे कुणीतरी लाथ घातलेली. शेवटच्या सामन्यात लंडनचा साउंडवाला जाह शाका स्वतः आहे. हाच माणूस ज्याचं नाव त्या पोराच्या ड्रॉइंगवर कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं.

शाका २०२३ साली वारला. त्याचे जुने व्हिडिओ बहुतेक अंधारात घेतलेले, दिसत काही नाही, पण एक गोष्ट कळते. त्याच्याकडं एकच रेकॉर्ड प्लेअर. गाणं संपलं की ते काढायचं, दुसरं लावायचं. मधे शांतता. कधी सायरन, कधी दोन शब्द. चॅनल वन साउंड सिस्टिमचा मायकी ड्रेडही तसाच, एकाच प्लेअरवर. लंडनच्या नॉटिंग हिल कार्निव्हलमधले त्यांचे व्हिडिओ दिवसाउजेडी घेतलेले आहेत. रस्त्यावर बॉक्सचे मनोरे, म्हाताऱ्या बायकांपासून खांद्यावरच्या पोरांपर्यंत सगळे डुलतायत, आणि दोन गाण्यांच्या मधे शांतता. आमच्याकडं ट्रॉलीवर दोन सेकंद आवाज थांबला तर कार्यकर्ते जनरेटरकडं पळतात.

भारतातलं प्रत्यक्ष ऐकायचं तर गोवा सनस्प्लॅश. २०१६ पासून उत्तर गोव्यात भरायला लागला, दिल्लीच्या रेगे राजाज् मंडळींनी सुरू केलेला. कोल्हापूरकराला आजरा-आंबोली उतरलं की झालं. पोरगा आणि मी करोनानंतर एकदा जाऊन आलो. समुद्राची हवा बेस खाऊन टाकते, हा माझा जुना अनुभव, म्हणून मी गेल्या गेल्या बॉक्सच्या मागं जाऊन वायरी बघितल्या. तिथल्या पोरांनी हाकललं नाही, उलट ॲम्प दाखवले. बीएफआर साउंड सिस्टिम ही दिल्ली सल्तनत नावानं गाणाऱ्या कलाकाराची मंडळी, लोकांकडून वर्गणी काढून बांधलेले बॉक्स. वर्गणी काढून साउंड! हे तर पेठेतल्या मंडळांनी करायचं काम. त्यांचे व्हिडिओ जरूर बघा. दारू महाग, जेवण यथातथा, आणि राहायला जिथं उतरलो तिथल्या मालकानं आगाऊ पैसे घेऊनही खोली दुसऱ्याला दिली होती, तो वेगळा विषय. रात्र वाळूत काढली. तरी परत जाईन.

बाकीचे भरभर. ब्लॅक उहुरूचा १९८१ चा जर्मनीतला रॉकपालास्टचा कार्यक्रम घ्याच. ड्रमवर स्लाय, बेसवर रॉबी, दोघं मिळून जेसीबी. पुमा जोन्स नावाची बाई मागं गाताना जे हात हलवते, त्यावर डोळे ठेवा. स्टील पल्स बर्मिंगहॅमचे, गोऱ्या दहशतवाल्यांसारखे टोकदार बुरखे घालून त्यांच्यावरच गाणं म्हणतात. पहिल्यांदा बघून दचकलो. लिंटन क्वेसी जॉन्सन डेनिस बोव्हेलच्या बँडबरोबर कविता म्हणतो. उभा राहतो शाळामास्तरासारखा, टोपी, इस्त्रीचा सदरा, आणि बोलतो ते आपल्या दलित कवींच्या जातकुळीचं. शब्द सगळे कळले नाहीत, पोराकडून समजून घेतले. डेमियन मार्लेचा २००५ चा ‘वेलकम टू जॅमरॉक’ हा त्यातल्या त्यात नव्या पोरांना पटकन आवडेल. बाप बॉब मार्लेच्या देशाचं चकचकीत जाहिरातीत न दिसणारं रूप आहे.

कशावर वेळ घालवू नका? ‘बेस बूस्टेड’ लिहिलेल्या कुठल्याही व्हिडिओवर. मूळ रेकॉर्डिंगमधे जो बेस तोलून बसवलाय तो फुगवून त्याची भजी करून ठेवतात. गर्दीतून मोबाईलवर काढलेले कार्यक्रमही सोडा, मोबाईलचा माइक बेसपुढं गुदमरतो आणि नुसता भुर्रर्र येतो. आणि एका कंपनीचा ब्लूटूथ स्पीकर मी यासाठी म्हणून घेतला होता, खोक्यावर छापलं होतं ‘छाती हादरवणारा बेस’. छाती सोडा, चहाच्या कपावरची साय हादरली नाही. उघडून बघितला, आत सव्वादोन इंची स्पीकर आणि वजन वाटावं म्हणून चिकटवलेला लोखंडी तुकडा. साधा वायरचा हेडफोन घ्या, कान पूर्ण झाकणारा. किंवा जुनी होम थिएटर माळ्यावर पडली असेल तर खाली काढा, सबवूफर खोलीच्या कोपऱ्यात ठेवा, आणि स्वतः समोरच्या भिंतीला टेकून बसा. खोलीच्या मधोमध बेस कमी लागतो, भिंतीशी जास्त. पटत नसेल तर चालून बघा. आवाज चारावर पुरे. डाव्या कानाचा माणूस सांगतोय.

स्कूप अजून माझ्या दुकानातच आहे, दाराशेजारी, वर चहाचे पेले ठेवायला बरा पडतो. उरलेले साडेतीन हजार घेऊन तो पोरगा येणार होता, आता पुण्यात नोकरीला लागलाय म्हणे. मीही फोन केलेला नाही.